माकुल आणि गाशा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही साडेपाच वर्षे हाँगकाँगला राहून आलात, तर वर्धापनदिनाला तिकडचे दोन शब्द सांगा." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी तिथे काय पाहिले? जिना, स्वयंपाकघर आणि मासळीबाजार." तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मासळीबाजाराचेच सांगा." म्हणून आज मी मासळीबाजारातलेच सांगणार आहे, आणि तेही सगळे नाही, तिथे शिकलेला एकच वाक्प्रचार. तो कळायला मला एक दिवस लागला आणि नीट वापरायला साडेचार वर्षे लागली.

आमचे यजमान तिथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी होते. २०१५ च्या जूनमध्ये मी मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेले. जॉर्डन नावाच्या भागात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आमची खोली होती. आपल्या माजघराएवढी जागा, तिच्यातच सगळे. मुलगा तिथल्या शाळेत पहिलीत गेला. शाळा तिथल्या भाषेतली, म्हणजे कँटनीतली. हाँगकाँग, मकाव आणि शेजारचा ग्वांगझो शहराचा मुलूख, इकडे ही भाषा बोलतात. बीजिंगकडची चिनी वेगळी. ती बोलणाऱ्याला कँटनी नुसती ऐकून समजत नाही.

या भाषेला सहा सूर आहेत. आमच्या मुलाला बाईंनी पहिल्याच महिन्यात 'सी' हा एक शब्द सहा सुरांत म्हणायला शिकवला. एका सुरात सी म्हणजे कविता, दुसऱ्यात इतिहास, मग परीक्षा, मग वेळ, मग बाजार, मग काम. तो घरी येऊन सहाही सूर घोकायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता त्याच्यामागून म्हणायची. माझी वेळ आणि माझा बाजार पुष्कळ दिवस एकच होते. असो.

आमच्या घराजवळ रेक्लमेशन स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. त्याच्या कडेने भाजी, फळे, मासळी यांच्या टपऱ्या. तिथले वजन कॅटीत. एक कॅटी म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम आणि तिचे सोळा भाग. माझी आजी जुन्या शेराचे सोळा छटाक तोंडपाठ सांगायची, त्यामुळे तो हिशेब मला पटकन जमला. किलोची सवय असलेल्या आमच्या यजमानांना जमला नाही, हे आपले सहज सांगते.

मासे विकणाऱ्या एका बाईशी माझे जमले. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात सुरी. तिथले दुकानदार गिऱ्हाइकाला, मग ती साठीची का असेना, 'लेंग नोइ' म्हणजे 'सुंदर मुली' अशी हाक मारतात. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिले होते, कुणाला म्हणते म्हणून! तिच्याकडे माकुल असायचे. आपल्याकडे कुणी माकुल म्हणते, कुणी म्हाकुळ. तिकडे त्याला 'यौ-यू' म्हणतात. परतायला 'छाव' म्हणतात. मी छाव लिहिते खरी, पण तो छत्रीतला छ नव्हे. चाकातल्या चला थोडा ह जोडायचा आणि सूर खालून वर न्यायचा. तर छाव म्हणजे परतणे आणि यौ-यू म्हणजे माकुल, एवढे दोन शब्द मला स्वतंत्रपणे येत होते. दोन्ही शब्द येत असले की माणसाला धीर येतो, आणि घात तिथेच होतो.

२०१६ चा जानेवारी होता. चिनी नवे वर्ष आठ-दहा दिवसांवर आलेले, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे यजमान हॉटेलात पंजाबी भाज्या करीत. पण सुटीच्या दिवशी घरी आपल्या पद्धतीचे माकुल करीत, कांदा-खोबऱ्याचे. मासेवाल्या बाईने मला विचारले, "आज एवढे यौ-यू कशाला?" मला यजमानांचे कौतुक सांगायचे होते. मी मनात वाक्य जुळवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "ङो लोउ कुंग छाव यौ-यू." माझा नवरा माकुल परततो.

बाईची सुरी थांबली. शेजारचा भाजीवाला माझ्याकडे पाहू लागला. आमच्याच मजल्यावरची एक आजी तिथे कोथिंबीर निवडत होती, तीही थांबली. मग मासेवाल्या बाईने काही न बोलता माझ्या पिशवीत आणखी दोन मासे टाकले आणि मी पैसे पुढे केले तर माझा हात बाजूला सारला. भाजीवाल्याने कांद्याच्या पातीची जुडी दिली. मी म्हटले, काय ही माणसे, सणाचे कसे मन मोकळे करून देतात! मी 'म् कोइ, म् कोइ' असे आभार मानून घरी आले. तेही चुकलेच होते. कुणी आपले काम केले, वाट दिली, वाण्याने माल बांधून दिला, तर 'म् कोइ' म्हणायचे. कुणी वस्तू भेट दिली तर 'तो चे' म्हणायचे. पण त्या दिवशी चुकांची गणती कुठे करायची?

रात्री आठच्या सुमारास दार वाजले. ती शेजारची आजी हातात तांदळाची पिशवी घेऊन उभी. "सिक चो फान मेइ?" म्हणाली, म्हणजे जेवलात का? हे तिकडचे नेहमीचे विचारणे आहे, आपण 'कसे काय, बरे ना' म्हणतो तसे. पण तिने ते दोनदा विचारले आणि माझ्या खांद्यामागून चुलीकडे पाहिले. मग ती मुलाशी बोलू लागली. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, आजी विचारतेय, बाबा आता काम कुठे शोधणार?" मी म्हटले, "काम शोधणार? बाबा कामावरच आहेत, सांग तिला." त्याने सांगितले. आजीने माझ्याकडे पाहिले, मी आजीकडे. मग ती भिंतीला टेकून अशी हसू लागली की मला तिला पाणी द्यावे लागले.

छाव यौ-यू म्हणजे नोकरीवरून काढणे! आणि नव्या वर्षाच्या तोंडावर नोकरी जाणे म्हणजे तिकडे दिवाळीत घर बसण्यासारखे. मी भर बाजारात नवऱ्याची नोकरी घालवून आले होते, आणि वर त्याबद्दल मासेही घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माशांचे पैसे घेऊन गेले. मला फार लाज वाटत होती. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असली तरी दुसऱ्याची दया खोट्या कारणाने घेतली, हे मनाला लागते. मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले, नवरा आहे, नोकरी आहे, माकुल खरोखरचे माकुल. ती बाई इतकी हसली की आजूबाजूच्या चार टपऱ्यांना ती गोष्ट सांगून झाली. मग तिने मला अर्थ समजावला. आणि भगिनींनो, तो तिने एकही शब्द न बोलता समजावला. माकुलाचा एक चौकोनी तुकडा घेतला, त्याच्यावर सुरीने आडव्याउभ्या रेघा मारल्या आणि बोटांनी तो गुंडाळून दाखवला; तव्यावर पडला की असा होतो. हे आपल्याला सांगायला नको, माकुल तापल्या तेलात पडले की त्याची वळकटी होते. मग तिने अंगावरचा एप्रन सोडला, तो तस्साच गुंडाळला, काखेत मारला आणि मान खाली घालून टपऱ्यांच्या मधून चालू लागली.

मी मराठीतच ओरडले, "गाशा गुंडाळला!"

पूर्वी तिकडचे कामगार मालकाच्याच जागेत राहत आणि कामाला येताना स्वतःचे अंथरूण घेऊन येत. मालकाने काढले की अंथरुणाची वळकटी करायची आणि निघायचे. परतलेल्या माकुलाची वळकटी आणि त्या अंथरुणाची वळकटी सारखीच दिसते, म्हणून हे नाव पडले, असे तिकडे सांगतात. 'काढून टाकले' हा शब्द तोंडातून काढवत नाही, म्हणून लोकांनी तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आपला गाशा म्हणजे तरी काय, घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. ते गुंडाळले म्हणजे मुक्काम हलला. कुठे आपला घोडा आणि कुठे त्यांचे माकुल. पण गुंडाळणे तेच.

मला राहवेना. शेजारच्या टपरीवर नारळ होते. मी एक उचलून तिच्या हातात दिला आणि खुणेने सांगितले, आमच्याकडे मालक हे देतो आणि मग 'जा' म्हणतो. आपण 'नारळ दिला' म्हणतो ना, ते. तिला काही ते पटेना. नारळ मिळतो ही तर चांगलीच गोष्ट, त्यात वाईट काय, असे तिचे म्हणणे. मग तिने त्यांची कोंबडी सांगितली. पूर्वी नव्या वर्षाच्या सुमारास मालक नोकरांना जेवण घाली, आणि ज्याच्या वाडग्यात मालक स्वतःच्या हाताने कोंबडीचा तुकडा वाढी, त्याने समजावे की आपले काम संपले. त्याला 'निर्दय कोंबडी' म्हणतात. तो घास गिळणाऱ्याचे काय होत असेल! मला तर आपला नारळच बरा वाटतो, निदान तो घरी नेऊन बायकोला देता येतो.

आता तो नीट वापरायचा कसा, तेही सांगते, कारण माझी चूक तिथेच होती. नुसते 'नवरा माकुल परततो' म्हटले तर परदेशी बाईच्या तोंडून ते कसेही समजते. काढला गेला असेल तर 'पेइ यन छाव यौ-यू' म्हणायचे. पेइ म्हणजे देणे, यन म्हणजे माणूस. दुसऱ्याच्या हातून परतला गेला, असा तो घाट. आपल्यातही 'मी नारळ दिला' आणि 'मला नारळ दिला' यांत केवढे अंतर आहे पाहा. आणि 'देवळात नारळ दिला' हे तिसरेच. माणसाने आपण होऊन नोकरी सोडली तर म्हणायचे, 'छाव लोउसाइ यौ-यू', म्हणजे मालकाचेच माकुल परतले. हे म्हणताना तिकडची माणसे जरा छाती पुढे काढतात. दुकानच बंद पडले तर हा शब्द चालत नाही. त्याला 'चप लप' म्हणतात. पुष्कळदा माकुल गाळून नुसते 'छाव' म्हणतात. मात्र शेअरबाजारात झटपट पैसा करायलाही छावच म्हणतात, तेव्हा काय परतले ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून ओळखायचे. कागदोपत्री हा शब्द नाही, तिथे वेगळा भारदस्त शब्द असतो. आणि खरोखरचे माकुल मागायचे असेल तर 'सिन यौ', ताजे माकुल, म्हणावे. हॉटेलांच्या पाट्यांवर तेच असते. हे सगळे त्या बाईने, आजीने आणि माझ्या मुलाने मिळून मला वर्षभरात शिकवले.

त्यानंतर मी टपरीवर गेले की ती बाई लांबूनच ओरडायची, "लेंग नोइ! नवऱ्याने आज माकुल परतले का?" आणि मी म्हणायची, "अजून नाही, अजून नाही!" बाजार हसायचा. आठवड्यातून चारदा, चार वर्षे हे चालले. एक दिवस चुकला नाही.

मग २०२० साल आले. कोरोनाचे ते साल सगळ्यांनीच भोगले आहे, त्याचे मी नवे काय सांगणार? तिकडे १५ जुलैपासून संध्याकाळी सहानंतर हॉटेलात बसून खायला बंदी झाली. २९ जुलैला तर दिवसासुद्धा बंदी केली. पण कामगार माणसे रस्त्याच्या कडेला, जिन्यांत बसून डबे खाऊ लागली, तेव्हा दोन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. संध्याकाळची बंदी राहिली, आणि आमच्या हॉटेलाचा धंदा सगळा संध्याकाळचा. तरी आमचे यजमान रोज साडेदहाला घरातून निघत आणि रात्री येत. मी विचारले तर म्हणत, "डबे बांधून देतो, काम आहे."

ऑगस्टमधला एक सकाळचा बाजार मला आठवतो. तोंडावर मुखपट्टी बांधून मी टपरीवर गेले. त्या बाईने मासे तोलले, सुटे पैसे दिले आणि "जपून जा" म्हणाली. एवढेच. मला वाटले, गर्दीत विसरली. दोन दिवसांनी गेले, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम माकुल मागितले. तिने माकुल निवडले, साफ केले, पिशवीत घातले, आणि सबंध वेळ माझ्याकडे पाहिले नाही.

मी तिथेच उभी राहिले. मागच्या गिऱ्हाइकाला पुढे जाऊ दिले. मग तिला विचारले, "तुला काय माहीत आहे?"

ती आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, कौलून पार्कात. नेथन रोडवरची ती मोठी बाग. तिथे फ्लेमिंगो पक्ष्यांचे तळे आहे. दुपारी ती तिथून जाते, तर तळ्याजवळच्या बाकावर तिला ह्यांना बसलेले दिसले होते. एकदा नव्हे, रोज. शेजारी डब्याची पिशवी. आणि ही बाई, जी चार वर्षे तो शब्द रोज ओरडून म्हणाली होती, तिने तो आता एकदाही उच्चारला नाही. त्या घडीलासुद्धा नाही. नुसते 'पार्कात' म्हणाली.

घरी येऊन मी माकुल केले. यजमान रात्री आले, जेवायला बसलो. माझ्या तोंडात मराठी वाक्य तयार होते, पण ते बाहेर येईना. सतरा वर्षांच्या संसारात मी त्यांना असे कधी विचारले नव्हते. आपल्या भाषेत ते फार जड होते, उलटतपासणी घेतल्यासारखे. शेवटी मी ताटाकडे बघत म्हटले, "पेइ यन छाव?" माकुल गाळून, तीनच शब्द.

अकरा वर्षांचा मुलगा घास घेता घेता थांबला. त्याने माझे व्याकरण सुधारले नाही, यावरून ते बरोबर असावे असे मी समजले.

हे म्हणाले, "सोळा दिवस झाले." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला काय तोंड दाखवू?" मी म्हटले, "दाखवलेत की रोज, रात्री नऊला." त्यावर मुलगा हसला, मग हेही हसले आणि मग डोळे पुसायला उठून मोरीपाशी गेले. पाचातल्या तीन आचाऱ्यांना काढले होते. दुसऱ्या दिवसापासून ते डब्याची पिशवी घेऊन पार्कात गेले नाहीत. आजीकडे मोठा तवा होता, तो मागून आणला आणि घरी बसून आम्ही पुढचा विचार करू लागलो. दुसरी नोकरी मिळते का पाहिले, नाही मिळाली. २०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही गाशा गुंडाळला.

निघायच्या आदल्या दिवशी मी टपरीवर गेले. त्या बाईने सुकवलेल्या माकुलाचे पुडके कागदात बांधून माझ्या हातात दिले. मी म्हटले, "तो चे." तिने बोट वर करून मान हलवली. बरोबर, म्हणाली.

आता आमची इथे बाजारपेठेत लहानशी खानावळ आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. सणावाराला तिचा फोनवर आवाज येतो, "नवऱ्याने माकुल परतले का?" मी सांगते, हो, आज दोन वाटे. मध्यंतरी ती म्हणाली, तुझा नवरा आता स्वतःच लोउसाइ झाला, त्याला परतणारे आता कुणी नाही. फार तर तू.

आज समारंभाच्या सुरुवातीला अध्यक्षबाईंनी माझी ओटी भरली आणि मानाचा नारळ हातात दिला. तो फोटो मी तिला पाठवणार होते. पण इथे बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले, की तिला आपल्या नारळाचा तो एकच अर्थ ठाऊक आहे, आणि तो मीच शिकवला आहे. फोटो पाहिला तर ती घाबरून विचारील, मंडळातून काढले का म्हणून. तेव्हा आधी ओटी म्हणजे काय ते कँटनीत कसे सांगायचे, हे मुलाला विचारते आणि मगच फोटो पाठवते.